पिवळं पान, हलकं पाणी

आठ-दहा दिवसांची झड उघडली, की हिंगोलीहून कळमनुरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोयाबीनची रानं दिसतात आणि त्यात मधेमधे पिवळे पट्टे. पेरून तीन-चार आठवडे झालेलं पीक. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, शिरा मात्र हिरव्या. शेतकरी दोन शेंडे खुडतो, पिशवीत घालतो आणि तालुक्याच्या गावी दुकानात नेऊन काउंटरवर ठेवतो. दुकानदार शेंडा उलटसुलट करून तीन बाटल्या काढतो. फवारणी होते, आठवड्याभरात रान हिरवं होतं, आणि बाटलीचं नाव गावभर होतं.

सेंद्रिय शेती करणारा या दुकानात जात नाही. पण घरी आला की तोही तेच करतो. जीवामृताचा ड्रम ढवळतो, ताक फवारतो, गोमूत्राचं प्रमाण वाढवतो. बाटल्या बदलल्या, सवय तीच राहिली: पान पिवळं दिसलं की काहीतरी ओतायचं. खरं तर शेजारच्या ज्या रानात कुणी काहीच फवारलं नाही, तेही बहुतेक वेळा त्याच आठवड्यात हिरवं झालेलं असतं. तिकडे कुणी बघत नाही.

हे पिवळेपण लोहाच्या कमतरतेचं असतं. आता गंमत अशी की, हिंगोली जिल्हा उभा आहे तो बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर. हा खडक लोहाने भरलेला आहे आणि त्याच्यापासून झालेली काळी मातीही. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात आठशे टनांच्या आसपास माती असते. तिच्यात लोह अगदी 4 टक्के धरलं तरी बत्तीस टन होतं. सोयाबीनच्या एकरभर पिकाला लागतं ते काही शे ग्रॅम. बत्तीस टन कोठारात असताना पीक उपाशी राहतं, कारण कोठाराला कुलूप आहे.

कुलूप आहे चुनखडीचं. आपल्या काळ्या मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लपणा मोजण्याचा आकडा, साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. इतक्या विम्ल मातीत लोह गंजाच्या रूपात बसून राहतं, पाण्यात विरघळत नाही. सोयाबीनचं मूळ त्यावर स्वतःची युक्ती करतं: ते बाहेर थोडं आम्ल सोडतं, मुळालगतची माती तेवढ्यापुरती आंबट करतं आणि लोह सोडवून घेतं. झड लागली की हा डाव फसतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो पाण्यात विरघळतो, चुनखडीशी मिळतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. हे बायकार्बोनेट मुळाने सोडलेलं आम्ल जागच्या जागी मारून टाकतं. पाऊस उघडला, वापसा आला, हवा आत शिरली की मूळ पुन्हा कामाला लागतं. रान हिरवं होतं ते बहुतेक वेळा वापशाने. बाटली फक्त त्या वेळी तिथे हजर असते.

म्हणून सांगायचं ते एवढंच, की आपल्याकडे पिकाचं दुखणं शोधताना आधी माती किती चुनखड आहे, तिच्यात हवा आहे का आणि विहिरीतून कसलं पाणी येतंय, हे पाहावं. अन्नद्रव्य कुठलं कमी पडलं हा प्रश्न त्यानंतरचा. नांगरणी सोडलेल्या रानात तर हा क्रम अजून महत्त्वाचा, कारण तिथे झालेली चूक पुढच्या वर्षी नांगराखाली गाडली जात नाही. ती वरच राहते, साठते.

नांगराशिवाय शेती ही कल्पना आता मराठवाड्याला परकी राहिलेली नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेली एसआरटी पद्धत पुढे कोकण ओलांडून सोयाबीन, कापूस, हरभऱ्यापर्यंत आली. जागतिक बँकेच्या मदतीने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला सगळे 'पोकरा' म्हणतात, हिंगोली जिल्हाही होता, आणि त्या निमित्ताने शून्य मशागतीचे प्रयोग मराठवाड्यातल्या गावांपर्यंत पोचले. कायमचे गादीवाफे, पीक जमिनीलगत कापायचं, मुळं मातीतच कुजू द्यायची, वखर-नांगर बंद. कल्पना साधी आहे. काळ्या मातीला ती शोभतेही, कारण ही माती स्वतःच स्वतःला नांगरते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुकटी त्या भेगांत पडते आणि खालची माती वर ढकलली जाते. हजारो वर्षं हे चाललंय.

अडचण दोन ठिकाणी येते. एसआरटीत तणासाठी तणनाशकाचा आधार घेतला जातो, सेंद्रिय शेतीत तो घेता येत नाही. मग ताग पेरून फुलोऱ्यात आडवा पाडायचा, कुटार-काडाचं जाड आच्छादन घालायचं, आणि तरीही खुरपं हातात ठेवायचं. दुसरी अडचण म्हणजे हळद. हिंगोलीची ओळखच हळदीची. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कंद काढायचा म्हणजे जमीन खणायचीच. हळदीच्या रानाला कुणी 'विनानांगरणी' म्हणत असेल तर ते स्वतःची समजूत घालणं आहे. फार तर असं करता येतं की काढणीनंतर त्याच वाफ्यांना पुन्हा आकार द्यायचा आणि पुढची दोन-तीन पिकं, हरभरा, सोयाबीन, तूर, नांगर न लावता घ्यायची. तेही कमी नाही.

आता पानाकडे वळू. पान वाचायचं असेल तर रंगाआधी एक गोष्ट बघायची: दुखणं खालच्या जुन्या पानावर आहे, की शेंड्याच्या कोवळ्या पानावर? घरात ओढाताण असली की आजी आपल्या ताटातली भाकरी नातवाच्या ताटात सरकवते. झाडही तेच करतं. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. ती कमी पडली की जुनी पानं उपाशी राहतात आणि शेंडा हिरवा दिसतो. लोह, गंधक, जस्त, बोरॉन, कॅल्शियम ही मात्र एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. जुन्या पानात साठा असूनही नवं पान उपाशी जन्मतं. एवढा एक भेद ध्यानात ठेवला तरी अर्ध्या चुका टळतात.

ज्वारीचं किंवा मक्याचं खालचं पान टोकापासून मधल्या शिरेच्या रोखाने उलट्या पाचराच्या आकारात पिवळं झालं तर नत्र. खालच्या पानाची कड करपली आणि मधला भाग हिरवा राहिला तर पालाश. पण आपल्या काळ्या मातीत पालाश सहसा भरपूर असतो, म्हणून कड करपलेली दिसली की मी आधी पाण्यातल्या क्षारांवर संशय घेतो. ते पुढे येईलच. खालच्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. तेच चित्र शेंड्याला असेल तर लोह. शेंड्याचं पान शिरांसकट एकसारखं फिकं पडलं तर गंधक, आणि सोयाबीनसारख्या तेलबियांना गंधक जास्त लागतं हे आपण सतत विसरतो. नवी पानं बारकी, अरुंद, पेरं आखूड, झाड खुजं झालं तर जस्त. चुनखड रानात लोहाच्या पाठोपाठ जस्तच अडकतं.

एवढं पाठ झालं की माणूस सगळीकडे कमतरताच बघायला लागतो. हा धोका खरा आहे. सोयाबीनवर पांढऱ्या माशीने आणलेला पिवळा मोझॅक असेल तर पिवळा-हिरवा रंग शिरांचं बंधन पाळत नाही, ठिगळं लावल्यासारखा वाटेल तसा पसरतो आणि रानात एक झाड इथे, एक तिथे असा दिसतो. लोहाचं पिवळेपण पट्ट्याने येतं, जिथे पाणी साचतं किंवा चुनखडीचे खडे वर आलेत तिथे. एखादंच झाड मलूल असेल तर खोड उभं चिरून बघावं. आत तांबूस भुयार दिसलं तर ती खोडमाशी आहे, तिथे जस्त-लोहाचा काही संबंध नाही. कापसाचं लाल पडणं, ज्याला लाल्या म्हणतात, त्यात मॅग्नेशियम आणि नत्राचा तुटवडा, भरलेल्या बोंडांचा भार आणि रात्रीची थंडी अशी तीन-चार कारणं एकत्र येतात. तुडतुड्यांनीही पानाची कड लाल होते. आणि कापसाची पानं बोटांसारखी लांब, अरुंद, वेडीवाकडी झाली तर शेजाऱ्याने बांधापलीकडे 2,4-डी हे तणनाशक मारलं होतं का ते विचारा. त्याला कुठलंही जीवामृत उपयोगी पडत नाही.

पान खात्रीने काही सांगत नसेल तर पिकालाच विचारता येतं. लोहाचा संशय असेल तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून पाचच झाडांवर फवारावं, त्यांना दोरा बांधून ठेवावा. चार-सहा दिवसांत जिथे थेंब पडले तिथे हिरवे ठिपके उमटले तर निदान पक्कं. मॅग्नेशियमसाठी हेच 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटने करता येतं. प्रमाणित सेंद्रिय शेतकऱ्याने मात्र असली सूक्ष्म अन्नद्रव्यं वापरण्याआधी आपल्या प्रमाणीकरण संस्थेला विचारून घ्यावं. कमतरता सिद्ध झाली असेल तर परवानगी मिळू शकते, न विचारता वापरलं तर प्रमाणपत्र जाऊ शकतं.

विनानांगरणीच्या रानात दोन दुखणी अशी आहेत जी नांगरलेल्या रानात इतकी ठळक नसतात.

पहिलं म्हणजे आच्छादनाने नत्र गिळणं. गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागे ऐंशीच्या आसपास भाग कार्बन असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीसला एक असं जेवण लागतं. काड खाताना त्यांना नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. पिकाची खालची पानं पिवळी पडतात, आणि आपण म्हणतो, एवढं आच्छादन केलं तरी पीक फिकं कसं? आच्छादन केलं म्हणूनच. काड मातीवर नुसतं पसरलेलं असेल तर हा त्रास कमी, मातीत मिसळलं तर जास्त. तुराट्या, पऱ्हाट्या यांची कुट्टी तर आणखी कठीण. उपाय काडासोबत हिरवा पाला देणं: गिरिपुष्प, ताग, सुबाभूळ. बांधावर गिरिपुष्प नसलेल्या माणसाने सेंद्रिय विनानांगरणी सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेच जीवामृताचा हिशेब करून टाकू. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. या सगळ्यात मिळून नत्र भरतं ते पाव किलोच्या आतबाहेर. उलट, एकरी दहा क्विंटल सोयाबीन झालं तर नुसत्या दाण्यांतून साठ किलोंच्या वर नत्र बाजारात जातं. सोयाबीन त्यातलं बरंचसं हवेतून कमावतं, म्हणून निभतं. कापूस आणि हळद कमावत नाहीत. जीवामृत हे विरजण आहे. विरजणाने दूध लागतं, पण दूधच नसेल तर विरजण कशाला लावायचं? शेणखत, कंपोस्ट, पेंड, हिरवळीचं खत यांची जागा ड्रम घेऊ शकत नाही. हे ऐकून काही मित्र नाराज होतात, पण आकडे असेच आहेत.

दुसरं दुखणं थरांचं. नांगर नसला की शेणखत वरच राहतं, पालापाचोळा वरच कुजतो. स्फुरद आणि पालाश वरच्या दोन इंचांत जमतात, खालची माती रिकामी होत जाते. पाऊस असेपर्यंत वरची मुळं खातात-पितात, सगळं ठीक. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली, वरचे दोन इंच सुकले, की मुळं खाली जातात आणि तिथे काही नसतं. मातीचा अहवाल मात्र 'स्फुरद मध्यम, पालाश भरपूर' असाच येतो, कारण नमुना नेहमीच्या पद्धतीने वरपासून सहा इंचांपर्यंतची माती एकत्र करून घेतलेला असतो. म्हणून विनानांगरणीच्या रानाचे दोन नमुने काढावेत, वरच्या दोन इंचांचा वेगळा आणि त्याखालच्या चार इंचांचा वेगळा. प्रयोगशाळेत दोन्ही पाकिटांवर खोली लिहून द्यावी.

19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानात सुरतगढला सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा गोष्टी तपासतात. त्यातल्या सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या तीन ओळी आधी वाचाव्यात. मग लोह दर किलो मातीत साडेचार मिलिग्रॅमच्या खाली आणि जस्त 0.6 च्या खाली आहे का ते पाहावं. हे आकडे 'उपलब्ध' अन्नद्रव्याचे आहेत, एकूण साठ्याचे नव्हेत. बत्तीस टनांच्या कोठारातलं पिकाच्या हाताशी किती, एवढंच ते सांगतात. एक खबरदारी: सिंचित क्षेत्रात अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीला एक नमुना, अशी या योजनेची आखणी होती. त्यामुळे हातात आलेली पत्रिका कदाचित शेजाऱ्याच्या रानाची असते. स्वतःचा नमुना स्वतः काढलेला बरा. सेंद्रिय शेतीवाले विम्ल मातीत रॉक फॉस्फेट टाकतात, तेही इथे सांगून टाकतो: आठच्या सामूत ते जवळपास विरघळतच नाही. टाकायचंच असेल तर उकिरड्यात, कुजत्या शेणात, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंबरोबर.

प्रयोगशाळेआधी कुदळ. फुलोऱ्याच्या सुमाराला सोयाबीनचं झाड मातीच्या गोळ्यासकट खणून काढा, मुळावरच्या गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाल्या तर नत्र तयार होतंय. हिरवट, राखाडी किंवा पांढऱ्या निघाल्या तर गाठी आहेत पण कामावर नाहीत. मातीच्या वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, आणि जितकं जोरात फसफसेल तितकं लोह-जस्ताचं कुलूप घट्ट. मूळ सरळ खाली गेलंय की काही इंचांवर आडवं वळलंय, तेही तिथेच दिसतं. विनानांगरणीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जुन्या नांगराचा तास जिथे संपत होता तिथे कडक थर राहिलेला असतो, आणि त्यावर पाणी तुंबतं. तोवर तिथली पिवळी पानं नांगरणी थांबवल्याची नसतात, आधीच्या नांगरणीची असतात.

पाण्याकडे आपण सगळ्यात उशिरा वळतो.

सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांच्या कालव्याचं पाणी ज्यांना मिळतं त्यांनी क्षारांची काळजी फारशी करू नये. त्यांच्यापुढचा प्रश्न जमीन चिबड होण्याचा आहे. कालवा नसलेल्या गावांत विहीर आटते, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. या खोल पाण्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबात पांढरा थर बसतो, म्हणून ते जड पाणी, वाईट पाणी. नव्या खोल बोअरच्या पाण्यात साबण छान फेसाळतो, म्हणून ते हलकं पाणी, चांगलं पाणी. माणसाच्या अंघोळीला ते चांगलं असेलही. काळ्या मातीला त्याच्यासारखं वाईट पाणी नाही.

कारण असं. पाण्याला जड करणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे चिकणमातीच्या कणांना एकत्र धरून ठेवतात, त्यांचे गठ्ठे करतात, गठ्ठ्यांमधून हवा-पाणी खेळतं. पाणी जमिनीखाली खोलवर वर्षानुवर्षं मुरत राहिलं की वाटेतली चिकणमाती त्यातलं कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. वर येतं ते सोडियम बायकार्बोनेटचं पाणी: हलकं, फेसाळ, चवीला कदाचित गोडं. ते रानात गेलं की बायकार्बोनेट मातीतलं उरलंसुरलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बसवून टाकतं, मोकळा राहिलेला सोडियम चिकणमातीचे गठ्ठे विस्कटतो, आणि काही वर्षांत रान चोपण होतं: ओलं असताना चिकट, वाळल्यावर दगड, पाणी वरच्यावर उभं. नांगरणारा शेतकरी दरवर्षी ढेकळं फोडून हे लपवू शकतो. विनानांगरणीत मातीचे गठ्ठे हीच आपली सगळी मशागत असते. ते विस्कटले की पद्धतच बसते, आणि दोष नांगर सोडण्याला दिला जातो.

हे पाणी ओळखायला अहवालातला एक आकडा पुरतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटची बेरीज करायची, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. सगळे आकडे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये. उरतं त्याला आरएससी म्हणतात. सव्वाच्या खाली असेल तर निर्धास्त, सव्वा ते अडीच जपून, अडीचच्या वर घातक. समजा जुन्या विहिरीत बायकार्बोनेट 6 आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम 7 आहे, उरलं शून्याखाली. पाणी जड आहे, ठिबक चोंदवेल, पण माती मारणार नाही. बोअरमध्ये बायकार्बोनेट 8 आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम 3, उरले 5. साबण फेसाळेल आणि रान जाईल.

उपाय सेंद्रिय शेतीत चालणाराच आहे: खाणीतलं जिप्सम. आरएससी एकाने कमी करायला हजार लिटरमागे 86 ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. एकराला दोन इंच पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. वरच्या बोअरचा 5 हा आकडा अडीचवर आणायचा तर एका पाण्याला 43 किलो. हौदात किंवा पाटात जिप्समचे खडे ठेवून त्यांच्यावरून पाणी नेतात, किंवा पावसाळ्याच्या तोंडावर रानावर पसरतात. ते मातीत मिसळायची गरज नाही. पावसाच्या पाण्यात थोडंथोडं विरघळून खाली उतरतं. म्हणजे नांगर न लावणाऱ्यालाही सोयीचं, आणि सोयाबीनला गंधक मिळतं ते वेगळंच.

मातीत सोडियम शिरलाय का हे घरीही कळतं. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, पेला हलवू नका. ढेकूळ ढासळलं, विस्कटलं तर घाबरू नका. सेंद्रिय कर्ब कमी आहे एवढंच. पण दोन तासांनी ढेकळाभोवती पाणी दुधाळ, गढूळ झालं तर सोडियम आलाय. हा प्रयोग बोअरच्या पाण्यात करू नये. त्यातले क्षारच गढूळपणा दाबून ठेवतात.

दुसरा आकडा क्षारतेचा, ईसी. अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेने 1954 मध्ये घालून दिलेल्या वर्गवारीत पाऊण डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत मध्यम, सव्वादोनपर्यंत जास्त, त्यावर फार जास्त. ईसी 1 म्हणजे लिटरमागे सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार. दोन लाख लिटरच्या एका पाण्याबरोबर एकरात सव्वाशे किलोंच्या वर क्षार येतात. हळदीला पावसाळ्यानंतर अशी दहा पाणी दिली तर सव्वा टनाच्या वर. यातलं सगळं विष नसतं, आणि साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस त्यातलं बरंच धुऊन नेतो, जर माती मोकळी असेल आणि पाणी खाली उतरत असेल तर. उन्हाने वरचं पाणी उडालं की क्षार वर चढतात. जाड आच्छादनाखाली हे कमी होतं. विनानांगरणीचा हा फायदा कुणी फारसा सांगत नाही. हळदीच्या पानाची टोकं आणि कडा हिवाळ्यात करपायला लागल्या तर पालाश देण्याआधी हा आकडा बघावा.

एक सूचना ओघात. 'पूर्णेचा खारपाणपट्टा' असं काही वाचलं तर ते आपल्याबद्दल नाही. तो अकोला-अमरावती-बुलढाण्याकडचा, तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातला. आपली पूर्णा गोदावरीची. तिकडचा सल्ला इकडे लावू नये.

ठिबक चोंदलं तर तोटी काढून लिंबाच्या रसात टाका. फसफसली तर चुनखडी, सायट्रिक आम्लाने नळ्या धुतल्या की मोकळी होते. आत तांबूस बुळबुळीत थर असेल तर लोहाचे जिवाणू. आणि काळपट चोथा निघाला तर तो आपल्याच जीवामृताचा. दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय ते ठिबकला देऊ नका.

पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा घ्या, एकदा मे महिन्यात पाणी खोल गेल्यावर आणि एकदा दिवाळीच्या आसपास. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तपासणी कुठे आणि कितीत होईल हे तिथे विचारा. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, बुचावर गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहा, आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. बाटली पिण्याच्या पाण्याची घ्या, औषधाची धुतलेली नको.